जँगोच्या प्रोजेक्टमध्ये स्टॅटिक फाइली कुठे, कशा ठेवायच्या

लॅपटॉपवर साइट झकास दिसते. सर्व्हरवर चढवली की रंग गेला, लोगो गेला, मेनूची नुसती ठिपक्यांची यादी उरली. "भाऊ, साइट नागडी दिसून रायली," असा निरोप जँगो (पायथनमध्ये साइट बनवण्याचं फ्रेमवर्क) नव्याने शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी पाठवतो. बरं, त्याचा कोड बहुतेक वेळा बरोबर असतो. स्टॅटिक फाइली कुठे ठेवायच्या, जँगो त्या कुठे शोधतो आणि सर्व्हर त्या कुठून देतो, या तीन जागा त्याच्या डोक्यात एक झालेल्या असतात. त्या वेगळ्या झाल्या की पुढचं सगळं सोपं आहे.

उदाहरणासाठी एक साइट धरू. वरुड तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद सगळे संत्र्याचे बागायतदार. साइटवर आंबिया आणि मृग बहाराचे रोजचे दर दिसतात. फळगळ लागली तर सभासद झाडाचा फोटो चढवून सल्ला विचारतो. प्रोजेक्टचं नाव 'बाग', आत दोन ॲप, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे दोन भाग: 'दर' आणि 'सभासद'.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा, सेटिंग आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची: सेटिंगची नावं सगळी कॅपिटलमध्ये, फोल्डर आणि फाइलींची सगळी स्मॉलमध्ये.

पहिलं काम: स्टॅटिक कोणतं, मीडिया कोणतं

जी फाइल तुम्ही, म्हणजे साइट बनवणाऱ्याने, प्रोजेक्टमध्ये ठेवली ती स्टॅटिक. कंपनीचा लोगो, सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, पहिल्या पानावरचा संत्र्याच्या बागेचा मोठा फोटो हे त्यात आलं. जी फाइल साइट चालू असताना वापरणाऱ्याने चढवली ती मीडिया. सभासदाने पाठवलेला गळलेल्या फळांचा फोटो मीडिया झाला, मग तो कितीही दिवस तसाच पडून राहो.

दोन्ही फोटोच आहेत, मग एकाच फोल्डरात का नकोत? स्टॅटिक फाइल कोडबरोबर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जाते. उडाली तरी पुन्हा आणता येते. मीडिया गिटमध्ये जात नाही. ती उडाली तर परत आणायला बॅकअपशिवाय दुसरी वाट नाही. शिवाय बाहेरच्या माणसाने चढवलेल्या फाइलीवर आपल्या कोडइतका भरवसा ठेवता येत नाही. २०११ साली जँगो १.३ मध्ये स्टॅटिक फाइलींचं वेगळं ॲप आलं, त्याआधी दोन्ही प्रकार मीडियाच्याच फोल्डरात कोंबले जायचे. फार जुन्या लेखांत तसं दिसलं तर गोंधळू नका.

फोल्डरांची मांडणी

बाग/
    मॅनेज.पाय
    बाग/
        सेटिंग्ज.पाय
    स्टॅटिक/
        सीएसएस/साइट.सीएसएस
        फॉन्ट/
        चित्रं/लोगो.एसव्हीजी
        व्हेंडर/बूटस्ट्रॅप/
    दर/
        स्टॅटिक/दर/तक्ता.जेएस
        स्टॅटिक/दर/तक्ता.सीएसएस
    सभासद/
        स्टॅटिक/सभासद/फोटो.जेएस
    स्टॅटिकफाइल्स/
    मीडिया/

अख्ख्या साइटला लागणारं ते वरच्या 'स्टॅटिक' फोल्डरात. एकाच ॲपला लागणारं ते त्या ॲपच्या आत. ठरवता येत नसेल तर स्वतःला विचारा: हे ॲप उद्या काढून टाकलं तर ही फाइल पण जायला हवी का? हो असेल तर ती ॲपमध्ये ठेवा.

आता 'दर/स्टॅटिक/दर' पहा. नाव दोनदा का? नवशिक्याला हा फापटपसारा वाटतो आणि तो मधलं फोल्डर गाळतो. पण जँगोच्या दृष्टीने सगळ्या ॲपची स्टॅटिक फोल्डरं एकमेकांवर ठेवून एकच झाड होतं. 'दर' आणि 'सभासद' दोघांतही थेट 'स्टॅटिक'खाली 'यादी.जेएस' असेल, तर दोघांचा पत्ता एकच होतो आणि जी आधी सापडेल ती जिंकते. आधी कोण सापडतं? सर्वांत आधी सेटिंगमध्ये नमूद केलेली फोल्डरं, मग ॲप, तेही 'इन्स्टॉल्ड_ॲप्स'च्या यादीत ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने. दुसरी फाइल गुपचूप मागे पडते. सभासदांच्या पानावर दरांचं जावास्क्रिप्ट चालू लागतं आणि पोरगं अर्धी रात्र आपला कोड तपासत बसतं. ॲपच्या नावाचं आतलं फोल्डर एवढ्यासाठीच.

याच नियमाचा सोयीचा उपयोगही आहे. जँगोबरोबर येणाऱ्या ॲडमिन पानांची एखादी सीएसएस फाइल बदलायची असेल, तर तिचाच पत्ता वापरून आपली फाइल वरच्या 'स्टॅटिक' फोल्डरात ठेवायची. आपली आधी सापडते. पण जँगोची आवृत्ती बदलली की ती फाइल तुम्हालाच सांभाळावी लागते, म्हणून मी हे टाळतो.

ॲपमध्ये 'स्टॅटिक' फोल्डर नव्याने बनवलं, फाइल टाकली, पत्ता बरोबर, तरी ४०४ (फाइल सापडली नाही) येतं? रनसर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवर साइट चालवणारा जँगोचा छोटा सर्व्हर, बंद करून परत सुरू करा. कोणत्या ॲपमध्ये स्टॅटिक फोल्डर आहे हे जँगो एकदाच बघून ठेवतो, आणि नुसतं फोल्डर बनवल्याने रनसर्व्हर आपोआप नव्याने सुरू होत नाही.

सेटिंग

स्टॅटिक_यूआरएल = '/स्टॅटिक/'
स्टॅटिकफाइल्स_डिर्स = [बेस_डिर / 'स्टॅटिक']
स्टॅटिक_रूट = बेस_डिर / 'स्टॅटिकफाइल्स'
मीडिया_यूआरएल = '/मीडिया/'
मीडिया_रूट = बेस_डिर / 'मीडिया'

गडबड पहिल्या तीन ओळींत होते.

'स्टॅटिक_यूआरएल' हा ब्राउझर ज्या पत्त्यावर फाइल मागतो त्या पत्त्याचा भाग. डिस्कवरच्या कुठल्याही फोल्डराशी त्याचा संबंध नाही. त्याचं नाव आणि फोल्डरचं नाव सारखं असणं हा योगायोग समजा. शेवटी तिरपी रेघ हवीच.

'स्टॅटिकफाइल्स_डिर्स' म्हणजे ॲपच्या बाहेर आणखी कुठे शोधायचं त्याची यादी. ॲपमधली 'स्टॅटिक' फोल्डरं इथे लिहायची नाहीत, ती जँगो स्वतः शोधतो.

'स्टॅटिक_रूट' म्हणजे सगळं गोळा करून जिथे टाकायचं ती जागा. संत्रा दहा बागांतून येतो आणि पॅकिंगच्या शेडमध्ये एकत्र होतो, तशी ही शेड. शेडमध्ये कोणी झाड लावत नाही: या फोल्डरात हाताने एकही फाइल टाकायची नाही, इथली फाइल दुरुस्तही करायची नाही. पुढच्या वेळी गोळा करताना तुमची दुरुस्ती पुसली जाऊ शकते. 'डॉट गिटइग्नोर'मध्ये (गिटने सोडून द्यायच्या गोष्टींची यादी) 'स्टॅटिकफाइल्स/' आणि 'मीडिया/' ही दोन्ही नावं आजच लिहून टाका.

'रूट'ची जागा 'डिर्स'च्या यादीत घातली तर जँगो चूक दाखवून थांबतो. हे चांगलंच आहे. अशी चूक दिसली की पुष्कळ जण 'रूट'ची ओळच काढून टाकतात. लॅपटॉपवर त्याने काही बिघडत नाही, आणि सर्व्हरवर मग साइट नागडी होते.

टेम्प्लेटमध्ये

टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्याच्या, वर 'लोड स्टॅटिक' हा टॅग लिहायचा आणि पत्त्याच्या जागी 'स्टॅटिक' टॅगच्या अवतरणात 'दर/तक्ता.सीएसएस' असं द्यायचं. दुसऱ्या टेम्प्लेटचा विस्तार करणाऱ्या टेम्प्लेटमध्येही 'लोड' पुन्हा लिहावा लागतो, मूळ टेम्प्लेटमधला तिथे चालत नाही. 'एक्सटेंड्स' मात्र सर्वांत वर राहिला पाहिजे.

'/स्टॅटिक/दर/तक्ता.सीएसएस' असा पत्ता थेट लिहिला तरी लॅपटॉपवर चालतं, म्हणून आळस होतो. पुढे फाइलीच्या नावात शिक्का येणार आहे, तेव्हा त्याचा फायदा असल्या हाताने लिहिलेल्या पत्त्यांना मिळत नाही.

सीएसएस फाइलीत हा टॅग चालत नाही, कारण ती टेम्प्लेट नाही. तिथे त्या फाइलीपासूनचा पत्ता द्यायचा: 'साइट.सीएसएस'मधून फॉन्टकडे जायचं तर '../फॉन्ट/मुक्ता.वॉफ२'. जावास्क्रिप्टमध्येही टॅग नाही. तिथे चित्राचा पत्ता लागत असेल तर टेम्प्लेटमधल्या एखाद्या एचटीएमएल घटकाला 'डेटा-' गुणधर्म देऊन त्यात 'स्टॅटिक' टॅग वापरा आणि जावास्क्रिप्टने तो वाचू द्या.

फाइलींची नावं आणि वजन

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडची निम्मी डोकेदुखी याच कोपऱ्यातून निघते.

फोटो कुठून येतात? व्हॉट्सॲपवरून. संचालकांपैकी कोणीतरी ग्रुपवर बागेचे फोटो टाकतं आणि तुम्ही ते जसेच्या तसे उतरवता. नावात मोकळ्या जागा, तारीख, वेळ, वर कंसात '१'. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो असेल तर शेवटी 'जेपीजी' कॅपिटलमध्ये असू शकतं. विंडोज लॅपटॉपला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. लिनक्स सर्व्हरला 'संत्रा' कॅपिटलमध्ये आणि 'संत्रा' स्मॉलमध्ये या दोन वेगळ्या फाइली वाटतात. म्हणून प्रोजेक्टमध्ये टाकण्याआधीच नाव बदला: सगळं स्मॉल, मोकळी जागा नाही, शब्दांमध्ये आडवी रेघ. 'बाग-आंबिया-बहार.वेबपी' हे नाव सहा महिन्यांनी पण कळेल. फाइलीचं नाव खरोखर देवनागरीत ठेवण्याचा मोह मात्र आवरा. चालू शकतं, पण झिप करताना, सर्व्हरवर नेताना कुठे अडेल सांगता येत नाही.

मग वजन. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. तो पहिल्या पानावर तसाच लावला, तर शेतात टॉवरची एक काडी दाखवणाऱ्या फोनवर तो माणूस दर दिसायची वाट बघत बसेल. पानभर रुंदीच्या फोटोला बाराशे पिक्सेल रुंदी बहुधा पुरते. वेबपीमध्ये साठवला की तो दीड-दोनशे केबीच्या आसपास येतो. हे काम स्टॅटिक फोटोसाठी तुम्ही एकदाच, हाताने करायचं. सभासदांच्या फोटोंसाठी ते कोडने, चढवतानाच करावं लागतं. तो वेगळा विषय.

फॉन्टचंही असंच. मराठी साइटला बरा देवनागरी फॉन्ट हवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. जोडाक्षरांच्या आकृत्यांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतो. तेव्हा वॉफ२ स्वरूपातच घ्या, साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार ठेवा, आणि सीएसएसमध्ये 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' लिहा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर वाचता येतो. फॉन्ट आणखी हलका करायला त्यातली अक्षरं छाटण्याची साधनं आहेत. त्यांच्या वाटेला जायचंच असेल, तर छाटल्यावर 'संत्रा', 'शेतकऱ्यांना', 'प्रक्रिया' हे शब्द पानावर वाचून बघा, जोडाक्षर तुटलेलं लगेच दिसेल.

बूटस्ट्रॅपसारख्या लायब्ररी बाहेरच्या सीडीएनवरून (अशा फाइली सगळ्यांना देणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून) आणाव्या की स्वतःच्या 'व्हेंडर' फोल्डरात ठेवाव्या, यावर लोक भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: स्वतःकडे ठेवा. पावसाळ्यात गावात नेट दिवसभर गेलं तरी लॅपटॉपवर काम चालू राहतं, आणि वापरणाऱ्याच्या फोनला दुसऱ्या कुठल्या सर्व्हरशी जोडणी करावी लागत नाही. आवृत्तीचा आकडा फोल्डरच्या नावात लिहा.

गोळा करणं

सर्व्हरवर, 'बाग' फोल्डरात राहून:

पायथन मॅनेज.पाय कलेक्टस्टॅटिक

जँगो वरच्या फोल्डरातल्या, तुमच्या ॲपमधल्या आणि ॲडमिनच्याही स्टॅटिक फाइली 'स्टॅटिकफाइल्स'मध्ये ओततो. काय होणार ते आधी बघायचं असेल तर पुढे '--ड्राय-रन' लावा. आपोआप चालवायचं असेल तर '--नोइनपुट', नाहीतर तो 'हो का?' विचारत अडून बसतो. तुम्ही मूळ फोल्डरातून काढलेली फाइल इथून आपोआप जात नाही; साफसफाई हवी असेल तर '--क्लिअर'. निकालात एकाच पत्त्याची दुसरी फाइल सापडल्याची सूचना आली तर ती वाचा. वर सांगितलेली नावांची टक्कर तीच.

एखादी फाइल नेमकी कुठून उचलली जातेय ते कळत नसेल तर:

पायथन मॅनेज.पाय फाइंडस्टॅटिक दर/तक्ता.सीएसएस

ज्या जागांवर ती सापडली त्या सगळ्या दिसतात, वर जी आहे ती जिंकलेली. ही आज्ञा फार कमी लोक वापरतात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही चालवणं केव्हाही बरं.

आता फाइली देणार कोण?

लॅपटॉपवर रनसर्व्हर देतो, पण फक्त 'डीबग' (चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) चालू असताना. सर्व्हरवर 'डीबग' बंद ठेवावंच लागतं आणि ते बंद झालं की जँगो स्टॅटिक फाइली देणं थांबवतो. साइट नागडी होण्याचं मूळ हेच. 'डीबग' परत चालू करणं हा उपाय नाही, चूक झाली की तुमच्या कोडचे तुकडे आणि पुष्कळसं सेटिंग जगाला दिसतं. रनसर्व्हरला '--इनसिक्युअर' लावून भागवायचा सल्लाही कोणी देईल. नावातच सगळं आलं.

छोट्या साइटला व्हाइटनॉइझ हे स्टॅटिक फाइली देणारं पायथन पॅकेज पुरतं. पिपने बसवायचं आणि 'मिडलवेअर'च्या यादीत 'सिक्युरिटीमिडलवेअर'च्या लगेच खाली त्याची ओळ टाकायची. ते सुरू होतानाच 'स्टॅटिक_रूट' वाचून ठेवतं, म्हणून कलेक्टस्टॅटिकनंतर ॲप पुन्हा सुरू करायचं. मीडिया फाइली व्हाइटनॉइझ देत नाही. त्या त्याच्या गळ्यात मारू नका.

स्वतःचा लिनक्स सर्व्हर असेल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सांगा की '/स्टॅटिक/'ने सुरू होणारा पत्ता 'स्टॅटिकफाइल्स' फोल्डरातून द्यायचा. तिथे 'एलियस' वापरा, आणि दोन्हीकडे शेवटची तिरपी रेघ सारखी ठेवा. 'रूट' वापरलं तर एनजिनएक्स फोल्डरच्या पुढे 'स्टॅटिक' हा शब्द पुन्हा जोडतो आणि ४०४ देतो. मीडियासाठी तसाच दुसरा तुकडा.

नावावर शिक्का

सीएसएस बदलली, सर्व्हरवर चढवली, पण सभासदांच्या फोनवर जुनीच दिसते. ब्राउझरने जुनी साठवून ठेवलेली असते. यावर जँगोकडे पक्का इलाज आहे: फाइलीच्या मजकुरावरून काढलेला बारा चिन्हांचा शिक्का नावात घालणं. 'साइट.सीएसएस'ची एक प्रत शिक्क्याच्या नावाने बनते. मजकूर बदलला की नाव बदलतं, नाव नवं म्हणून ब्राउझर नवी फाइल मागतो. मजकूर तोच असेल तर फोन परत डाउनलोड करत नाही, सभासदाचा डेटा वाचतो.

त्यासाठी जँगो ४.२ पासून 'स्टोरेजेस' नावाची सेटिंग आहे. तिच्यात 'स्टॅटिकफाइल्स'समोर 'मॅनिफेस्टस्टॅटिकफाइल्सस्टोरेज' द्यायचं, किंवा व्हाइटनॉइझ असेल तर त्याचं 'कॉम्प्रेस्डमॅनिफेस्टस्टॅटिकफाइल्सस्टोरेज', जे फाइली दाबून हलक्याही करतं. 'डिफॉल्ट' हा दुसरा भागही तिथे लिहायला विसरू नका. तुम्ही 'स्टोरेजेस' स्वतः लिहिली की जँगोची मूळची पूर्ण बाजूला होते, आणि सभासदाने फोटो चढवला की साइट कोसळते.

शिक्का लावल्यावर जँगो कडक होतो. सीएसएसमध्ये नसलेल्या चित्राचा पत्ता असेल तर कलेक्टस्टॅटिक अर्ध्यात थांबतं. बाहेरून आणलेल्या दाबलेल्या फाइलींच्या शेवटी 'मॅप' फाइलीचा (दाबलेल्या कोडचा मूळ कोडशी मेळ घालणारी फाइल) उल्लेख असतो, ती बरोबर आणली नसेल तरी जँगो ४ च्या मालिकेपासून तसंच होतं. 'मॅप' फाइलही 'व्हेंडर'मध्ये टाका, प्रश्न मिटला. आणि टेम्प्लेटमध्ये नसलेल्या फाइलीचं नाव असेल तर ते पान ५०० (सर्व्हरची चूक) देतं. 'डीबग' चालू असताना शिक्का वापरलाच जात नाही, त्यामुळे लॅपटॉपवर हे कळत नाही. चाचण्या मात्र 'डीबग' बंद ठेवून चालतात, म्हणून त्या अचानक 'मॅनिफेस्ट एंट्री' नाही म्हणून ओरडू लागतात. चाचण्यांच्या सेटिंगमध्ये साधं स्टोरेज ठेवा.

बिघडलं तर

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कच्या खिडकीत लाल ओळ शोधा आणि तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा.

४०४ असेल तर आधी सर्व्हरवरच्या 'स्टॅटिकफाइल्स'मध्ये फाइल आहे का ते बघा. नसेल तर कलेक्टस्टॅटिक राहिलं किंवा ॲप 'इन्स्टॉल्ड_ॲप्स'मध्ये नाही. असेल तर अक्षरांचा लहान-मोठेपणा, मग एनजिनएक्सचा पत्ता.

४०३ म्हणजे फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही. उबंटूत २१.०४ पासून प्रत्येकाचं होम फोल्डर इतरांना बंद असतं, आणि एनजिनएक्स वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. प्रोजेक्ट होम फोल्डरात असेल तर 'स्टॅटिक_रूट' तिथून हलवून '/व्हार/'खाली न्या. होम सगळ्यांना उघडं करण्यापेक्षा ते सुरक्षित.

नुसतं ॲडमिन नागडं आणि तुमची पानं ठीक? मग एनजिनएक्स बहुधा 'स्टॅटिक_रूट'ऐवजी तुमच्या मूळ 'स्टॅटिक' फोल्डराकडे बोट दाखवतोय. ॲडमिनच्या फाइली तिथे नसतातच.

जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर दोन गोष्टी तिथेच ओळखा. 'लोड स्टॅटिकफाइल्स' हा टॅग जँगो ३.० मध्ये काढला, आता 'लोड स्टॅटिक'. आणि 'स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज' ही सेटिंग ५.१ मध्ये गेली. ती लिहिली तर चूक दिसत नाही, जँगो तिच्याकडे बघतच नाही, आणि शिक्का का लागत नाही म्हणून तुम्ही शोधत बसता.